हातातला बिनतारी संच : वापराचे पहिले धडे

(तृतीय वर्ष कला, मराठी विभाग)

बिनतारी यंत्रावरचा लेख मराठी विभागाच्या विद्यार्थ्याने लिहिलेला पाहून विज्ञान शाखेतील मित्रांना हसू येईल. त्यांनी खुशाल हसावे. परंतु मराठी वाक्याच्या रचनेविषयी या यंत्राने मला जे शिकवले, ते व्याकरणाच्या तासाला बाकावर बसून माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. शिवाय त्या शिकवणीची फी मी भरली नाही, ती एका परक्या बाईंना भरावी लागली. तेव्हा हा लेख म्हणजे काहीसा धडा आहे आणि काहीसा कबुलीजबाब.

आमचे गाव कृष्णाकाठी. २०२३ च्या अनंत चतुर्दशीला आम्ही काही विद्यार्थी विसर्जनाच्या बंदोबस्तात स्वयंसेवक होतो. चौकातून घाटाकडे एक अरुंद उताराचा रस्ता जातो. चौकात दोर धरून मंडळे थोपवायची आणि घाट मोकळा झाला की एकेक मंडळ खाली सोडायचे, अशी योजना होती. घाटावर मी होतो आणि चौकात माझा मित्र. दोघांच्या हातात एकेक वॉकी-टॉकी. आदल्या संध्याकाळी हे संच कसे वापरायचे ते दाखवण्यासाठी सर्वांना बोलावले होते. मी गेलो नाही. लहानपणापासून मोबाईल हाताळणाऱ्या माणसाला एक बटण दाबायला काय शिकायचे, असा माझा समज होता.

रात्री नऊच्या सुमारास एका मंडळाच्या ट्रॉलीचे चाक पायऱ्यांच्या तोंडाशी रुतले. मागे माणसांची दाटी झाली. मी घाईघाईने बटण दाबले आणि त्याच क्षणी बोललो, "अरे, पुढचं मंडळ सोडायचं नाही." बोलता बोलताच बोटही उचलले. पलीकडून उत्तर आले, "बरं." मी निश्चिंत झालो. दोनच मिनिटांत पुढच्या मंडळाचा ट्रॅक्टर वाजतगाजत उतारावरून खाली येताना दिसला. त्याच्यापुढची गर्दी आमच्या गर्दीवर येऊन आदळली. सुदैवाने मोठा अनर्थ टळला. पण नातवाला घेऊन आलेल्या एक आजी पायरीवर पडल्या आणि त्यांचा हात मनगटाजवळ मोडला.

माझ्या मित्राला ऐकू आले होते ते एवढेच : "पुढचं मंडळ सोडायचं."

यंत्र बिघडलेले नव्हते आणि मित्राचे कानही शाबूत होते. चुका तीन झाल्या होत्या. बटण दाबल्यावर मी थांबलो नाही. वाक्य संपण्याआधी बोट उचलले. आणि "बरं" या शब्दावर विसंबलो. पहिल्या दोन चुका सर्वस्वी माझ्या आणि तिसरी आम्हा दोघांची. या तीन चुका टाळता आल्या की वॉकी-टॉकीचे निम्मे शिक्षण झाले असे समजावे. उरलेल्या निम्म्यासाठी यंत्राची थोडी ओळख करून घ्यावी लागते.

यंत्राची ओळख

पाठीवर वा हातात वागवता येणारे असे संच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरात आले. अमेरिकन सैन्याचा 'एससीआर-३००' हा संच पाठीवर घ्यावा लागे आणि त्याचे वजन सुमारे सोळा किलो भरे. त्याच काळातला 'एससीआर-५३६' हा हातात धरायचा संच सव्वादोन किलोच्या आसपास होता. त्याची दांडी बाहेर ओढली की तो चालू होई. आज आपल्या हातातला संच पाव किलोच्या घरात असतो. तत्त्व मात्र पुष्कळसे तेच राहिले आहे.

वॉकी-टॉकीच्या एकाच डबीत प्रक्षेपक आणि ग्राहक दोन्ही असतात, पण ते दोन्ही एका वेळी काम करीत नाहीत. कडेचे बटण मोकळे असताना संच ऐकतो, दाबले की बोलतो. टेलिफोनवर दोघे एकाच वेळी बोलू शकतात. येथे ती सोय नाही. तुम्ही बोलत असताना तुमचा संच बहिरा असतो. म्हणजे तुम्ही बटण दाबून बसलात आणि समोरचा "थांब, थांब" म्हणून ओरडत असला, तरी ते तुम्हाला कळणार नाही. म्हणून थोडक्यात बोलावे, हा शिष्टाचार तर आहेच, पण सुरक्षिततेचाही नियम आहे.

मोबाईल असताना हे जुने यंत्र कशाला, असा प्रश्न विचारला जातो. मोबाईलवरून एक माणूस एका माणसाशी बोलतो, तेही मधल्या मनोऱ्याच्या मदतीने. हजारो लोक एका जागी जमले की त्या मनोऱ्यावर ताण पडतो आणि फोन लागेनासे होतात. वॉकी-टॉकीला मनोरा लागत नाही. एका संचाची लहर थेट दुसऱ्या संचाकडे जाते आणि एकाने सांगितलेले त्या वाहिनीवरच्या सगळ्यांना एकदम ऐकू येते. चौकातल्याला काय सांगितले हे नावाड्याजवळच्या स्वयंसेवकालाही आपोआप समजते.

या गुणातच एक दोषही आहे. या संचांत जी ध्वनिमिसळणीची पद्धत वापरतात, तिच्यात दोघे एकदम बोलले तर ग्राहक बहुधा जोरदार लहर तेवढी पकडतो आणि दुबळी पुसली जाते. दोन्ही सारख्या जोराच्या असतील तर नुसती करकर ऐकू येते. ज्याचे बोलणे पुसले गेले त्याला याचा पत्ताही नसतो. म्हणून बोलण्यापूर्वी क्षणभर ऐकावे, वाहिनी मोकळी असल्याची खात्री करावी आणि उत्तर आले नाही तर 'ऐकले असेल' असे कधीही गृहीत धरू नये.

पल्ला आणि दांडी

संचाच्या खोक्यावर छापलेल्या किलोमीटरांवर विश्वास ठेवू नये. या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्याने सपाट मैदानावर दीड मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरवर असते. शंभर मीटर उंच टेकडीवर चढले की तेच सुमारे छत्तीस किलोमीटरवर जाते. रेडिओच्या लहरी किंचित वाकत असल्याने याहून थोड्या पुढे पोहोचतात. गडावर गेलेल्या गिर्यारोहकांचा छोटा संच दूरवर ऐकू येतो आणि गावाच्या बोळात तोच संच अर्ध्या किलोमीटरवर रडतो, याचे मुख्य कारण हे. गावात दगडी भिंती, लोखंड आणि माणसांची शरीरे लहरी शोषतात किंवा परतवतात. आमचा घाट नदीच्या पात्रात खोल आणि चौक वर, मध्ये वाडे. पाच-सात पायऱ्या चढून बोलल्यास आवाज कितीतरी स्वच्छ जातो, हे मला दुसऱ्या वर्षी समजले.

दांडीची लांबी लहरीच्या लांबीशी निगडित असते. तीनशेला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ४४६ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ६७ सेंटिमीटरची. तिचा चतुर्थांश म्हणजे जेमतेम १७ सेंटिमीटर. रबरी वेष्टणात तार गुंडाळून ही दांडी आणखी आखूड करतात. यावरून व्यवहारातल्या चार गोष्टी निघतात. दांडी उभी धरावी, कारण दोन्ही संचांच्या दांड्या एकाच दिशेत असल्या की ग्रहण उत्तम होते. बोलताना संच कमरेला लटकवलेला ठेवू नये, कारण आपले शरीरच आड येते. आवाज तुटत असेल तर हात-दोन हात बाजूला सरकून पाहावे. भिंतींवरून परतलेल्या लहरी काही जागी एकमेकींना मारतात आणि तेवढ्याने फरक पडतो. आणि दांडी काढून ठेवलेल्या संचाचे बटण कधीही दाबू नये. बाहेर न पडणारी शक्ती आतल्या भागांना इजा करू शकते. दांडी धरून संच उचलण्याची सवयही वाईटच.

'गणपती'चा नियम

त्या रात्रीनंतर मी आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध गृहस्थांकडे गेलो. पोलिसांच्या बिनतारी विभागातून हवालदार म्हणून ते निवृत्त झाले आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. सारी हकीकत ऐकून त्यांनी मला रागे भरले नाही. आपला जुना चष्म्याचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हा संच समज. दाब बटण आणि बोल."

मी डब्यावर अंगठा ठेवून बोललो.

"चुकलास," काका म्हणाले. "बटण दाबायचं, मनात 'गणपती' म्हणायचं, मग तोंड उघडायचं. बोलणं संपलं की परत मनात 'गणपती' म्हणायचं आणि मग बोट उचलायचं. तुझा गणपती त्या दिवशी राहिला, म्हणून ट्रॅक्टर आला."

यामागचे कारण तांत्रिक आहे. बटण दाबताच प्रक्षेपक सुरू व्हायला थोडा अवधी लागतो. समोरचा संच वीज वाचवण्यासाठी डुलक्या घेत असतो. तो जागा व्हायला थोडा अवधी लागतो. शिवाय नुसती खरखर कानी पडू नये म्हणून ग्राहकाला एक झडप असते, आणि पुष्कळ संचांत ही झडप ठराविक मंद सूर ओळखल्यावरच उघडते. हे सगळे सेकंदाच्या काही भागात उरकते, पण तेवढ्यात आपले पहिले एक-दोन शब्द हरवतात. शेवटचे शब्द हरवायला मात्र यंत्र जबाबदार नसते. ती आपल्या उतावळ्या बोटाची करणी.

मराठी आणि बटण

आता मराठीच्या विद्यार्थ्याने बोलायची वेळ आली. आपल्या भाषेत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. 'सोडायचं नाही', 'येऊ देऊ नका', 'पाणी वाढलेलं नाही'. बोट लवकर उचलले की नेमका हा नकारच गळतो, आणि उरलेले वाक्य अर्धवट न वाटता पुरते होकारार्थी वाटते. 'सोडायचं' हे एक सबंध वाक्य आहे! ऐकणाऱ्याला काही गळाले अशी शंकासुद्धा येत नाही.

उपाय सोपा आहे. नकार शेवटी राहील असे वाक्यच बिनतारीवर बोलू नये. 'पुढचं मंडळ सोडायचं नाही' याऐवजी 'थांबा. पुढचं मंडळ चौकातच थांबवा' असे म्हणावे. 'नाव पाण्यात घालू नका' याऐवजी 'नाव काठावरच ठेवा' म्हणावे. यातला शेवटचा शब्द गळाला तरी अर्थ उलटा होत नाही. महत्त्वाचा शब्द दोनदा उच्चारावा.

दुसरा घोटाळा आकड्यांचा. 'एकोणचाळीस'चे पहिले दोन स्वर गळाले की 'चाळीस' उरतात. एरवी एकाचा फरक किरकोळ. पण सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, हे ज्यांना आठवते त्यांना एका फुटाचे मोल सांगायला नको. 'सात' आणि 'साठ', 'चौतीस' आणि 'छत्तीस' खरखरीत सारखेच ऐकू येतात. म्हणून आकडा एकदा सबंध सांगून मग सुटा करून सांगावा : "एकोणचाळीस. तीन, नऊ."

तिसरा घोटाळा अक्षरांचा. प आणि फ, ब आणि भ, त आणि द यांतला फरक लहानशा कर्ण्यातून नीट येत नाही. आंतरराष्ट्रीय व्यवहारात यासाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी शब्दमाला आहे. ती १९५६ साली आजच्या रूपात रूढ झाली. गाडीचा क्रमांक सांगताना ती उपयोगी पडते. मराठी नाव सांगताना मात्र आपला पहिलीचा तक्ता बरा : 'भ भटजीतला, ब बदकातला.'

संदेश कसा द्यावा

काकांनी शिकवलेला क्रम असा. ज्याला बोलवायचे त्याचे नाव आधी, आपले नंतर. आपले नाव ऐकून माणूस कान टवकारतो आणि मग कोण बोलते ते ऐकतो. नावेही माणसांची नसावीत, जागांची असावीत. कारण पाळी बदलली की माणूस बदलतो, जागा बदलत नाही.

"चौक, चौक. घाट बोलतोय. ओव्हर."

"घाट, बोला. ओव्हर."

"थांबा, थांबा. पुढचं मंडळ चौकातच थांबवा. ट्रॉली रुतली आहे. ओव्हर."

"पुढचं मंडळ चौकात थांबवतो. ट्रॉली रुतली आहे. ओव्हर."

"बरोबर. घाट आउट."

यात 'ओव्हर' म्हणजे 'माझे झाले, आता तुम्ही बोला', आणि 'आउट' म्हणजे 'संभाषण संपले'. चित्रपटांत ऐकू येणारे 'ओव्हर अँड आउट' हे त्यामुळे 'उत्तर द्या आणि देऊ नका' असे म्हणण्यासारखे आहे. 'रॉजर' म्हणजे 'तुमचा संदेश पूर्ण मिळाला'. 'मान्य आहे' असा त्याचा अर्थ नव्हे. पण या सगळ्यांहून मोलाची आहे ती चौथी ओळ. ऐकणाऱ्याने ऐकलेले आपल्या तोंडाने परत म्हणायचे. त्या रात्री माझ्या मित्राने "बरं"ऐवजी "पुढचं मंडळ सोडतो" एवढे म्हटले असते, किंवा मी त्याला तसे म्हणायला लावले असते, तर आजींचा हात वाचला असता. काका म्हणतात, "बिनतारीवर 'बरं' हा शब्द बंद. 'बरं'चा अर्थ एवढाच, की कुणीतरी जिवंत आहे."

काय बोलायचे ते बटण दाबण्यापूर्वी मनात ठरवावे. मोठे असल्यास कागदावर लिहावे. कुठे, काय झाले, काय हवे, एवढ्यात संदेश बसला पाहिजे. संच तोंडापासून चार बोटे दूर, किंचित तिरका धरावा आणि नेहमीच्या आवाजात बोलावे. ढोल-ताशांच्या दणदणाटात ओरडण्याचा मोह होतो, पण ओरडल्याने आवाज फाटतो, मोठा होत नाही. वाऱ्याकडे अथवा गोंगाटाकडे पाठ करावी. आणि संच खिशात किंवा मांडीखाली ठेवताना बटण दाबले जात नाही ना, हे पाहावे. एकाचे बटण अडकले की साऱ्या वाहिनीचे तोंड बंद होते आणि त्याच्या घरगुती गप्पा गावाला ऐकू जातात.

गुप्ततेविषयीही एक शब्द. संचावर 'प्रायव्हसी कोड' नावाची सोय असते. तिने दुसऱ्यांचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही. आपले बोलणे दुसऱ्यांपासून लपत नाही. म्हणून हरवलेले मूल सापडल्यास त्याचे नाव आणि ते कुठे बसवले आहे, दोन्ही उघड्या वाहिनीवर सांगू नयेत. 'एक मूल सुखरूप आहे, पालक आल्यास मंडपात पाठवा' एवढे पुरे. ओळख मंडपात पटवून घ्यावी.

बोलताना ऐकण्यापेक्षा कितीतरी पट अधिक वीज खर्च होते. बडबड्याची बॅटरी आधी संपते, हा न्याय येथे शब्दशः खरा आहे. रात्रीच्या कामाला निघताना बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि एक जादा बॅटरी जवळ असावी.

कायद्याची बाजू

बाजारात मिळतो तो कोणताही संच घेऊन बोलू लागावे, असे नाही. आपल्याकडे बिनतारी यंत्रांवर १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा यांनी दीर्घकाळ नियंत्रण ठेवले. २०२३ साली नवा दूरसंचार कायदा संमत झाला. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त संच २०१८ च्या नियमांनी परवान्यातून मुक्त केले आहेत. आमचे संच त्यातले होते. इतर वारंवारतांचे, अधिक शक्तीचे संच विनापरवाना वापरणे गुन्हा ठरू शकते, कारण त्याच पट्ट्यांत पोलीस, विमाने आणि इतर सेवा बोलत असतात. ऑनलाइन दुकानांतून असे संच सर्रास विकले जाऊ लागल्यामुळे २०२५ साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खरेदीपूर्वी संचाची वारंवारता आणि प्रकार-मान्यता अवश्य पाहावी. ज्यांना या विद्येची गोडी लागेल त्यांनी हौशी रेडिओची परीक्षा द्यावी. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते. उत्तीर्ण होऊन परवाना मिळाला की 'व्हीयू'ने सुरू होणारे आपले स्वतःचे संकेतनाम मिळते.

शेवटी

अपघातानंतर चार दिवसांनी मी त्या आजींच्या घरी गेलो होतो. हात प्लास्टरमध्ये होता. त्यांना मी कोण ते ठाऊक नव्हते. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "दोर कुणी सोडला रे बाळा, काही कळलं का?" मी म्हणालो, "आजी, दोर सोडणाऱ्याची चूक नाही. निरोप मी दिला होता." त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता तरी नीट शीक."

२०२४ च्या विसर्जनापूर्वी आम्ही दोन संध्याकाळी काकांपुढे सराव केला. शिकायला पहिला हजर मी होतो. त्या रात्रीही एक ट्रॉली पायऱ्यांशी रुतली. मी सात पायऱ्या चढून वर गेलो, संच उभा धरला, बटण दाबले आणि मनात 'गणपती' म्हटले.

"थांबा, थांबा. पुढचं मंडळ चौकातच थांबवा. ओव्हर."

मनात पुन्हा 'गणपती' म्हणून मी बोट उचलले. चौकातून माझ्या मित्राने माझे वाक्य शब्दाला शब्द परत म्हणून दाखवले. उतारावर कोणी आले नाही.